ओठांत चार टाचण्या

भिंगारमधल्या कुठल्याही घरातली मुलगी हायस्कुलात गेली आणि खेळात नाव घालायचं म्हणाली, की तिच्या आईबापांच्या आधी ते नसरीनच्या अब्बांना कळतं, आणि त्या मुलीच्या पायाचं, धापेचं आणि हिमतीचं माप त्यांच्याकडे आधीच तयार असतं. हे मी कौतुकाने सांगतोय असा कुणी समज करून घेऊ नये. गेली तीन वर्षं मी या माणसावर मनापासून जळतो आहे. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढली, बढत्या मिळालेले लोक शेजारच्या टेबलावर बसलेले पाहिले, पण इतकं नेमाने आणि सकाळी साडेसहापासून जळावं असा माणूस मला ऑफिसातसुद्धा भेटला नव्हता.

धंद्याने ते टेलर. जुन्या बाजारात त्यांचं एका खणाचं दुकान आहे आणि छावणीतल्या जवानांच्या वर्द्या ते शिवतात, त्यामुळे वाकडी शिवण त्यांना सहन होत नाही, मग ती कापडावरची असो की माणसातली. आम्ही एकाच गल्लीत राहतो. त्यांची नसरीन आणि आमची ऋतुजा एका वर्गात, आणि खो-खोच्या एकाच टीममध्ये. फरक एवढाच की आमची ऋतुजा मैदानात उतरणाऱ्या नऊ जणींमध्ये, तीही पळतीला पहिल्या तुकडीत, आणि नसरीन राखीव तिघींमध्ये. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. ज्याची मुलगी बाटल्या भरते त्या बापाने एकदा हौसेने मैदानावर यावं, दोनदा यावं आणि मग आपल्या धंद्याला लागावं, असं कुणालाही वाटेल. हे रोज येत. रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसत, मांडीवर कुणाची तरी पँट घेऊन तिची किनार दुमडत, आणि ओठांत चार टाचण्या धरून खेळ बघत.

त्या टाचण्यांचं रहस्य मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, डब्याच्या कडेला ओळीने लावून ठेवल्या आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तोंड मोकळं राह्यलं की बाप वरडतो. बाप वरडला की पोरगी बापाकडं बघती. अन् बापाकडं बघितलं की ती आउट." एवढं बोलून त्यांनी चारही टाचण्या पुन्हा ओठांत घेतल्या. मला हे थोडं नाटकीच वाटलं. पुढच्याच आठवड्यात एका सराव सामन्यात ऋतुजा दोन मिनिटं झाली तरी कुणाला सापडत नव्हती. माझा जीव इतका वर आला की मी रेषेवर जाऊन "मागं बघ, मागं बघ!" असा ओरडलो. तिने मागं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. समोरून एका मुलीने येऊन तिच्या खांद्याला हात लावला आणि पंचांनी शिट्टी मारली. ऋतुजाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मी अब्बांकडे पाहिलं, तर ते खाली मान घालून किनार दुमडत होते, आणि त्यांनी मान खाली घातली याचाच मला जास्त राग आला.

दर जूनमध्ये नव्या मुली खेळायला लागल्या की त्यांच्या दुकानात आईबापांची गर्दी होते. कुणी बोलावत नाही, कुणी ठरवत नाही, पण लोक जातात. अब्बा मशीन चालवता चालवता सांगतात आणि लोक शाळेतल्यासारखे ऐकतात. पोरीची नखं दर रविवारी काढायची, दुसरीच्या अंगावर ओरखडा उठला तर तो आपल्या घरचा असतो. केसांना क्लिप नको, दोन वेण्या घट्ट घालायच्या आणि वर बांधायच्या. सामन्याच्या सकाळी वडापाव नाही. शेंगदाण्याचा लाडू, केळं, आणि पाणी घोटाघोटाने. मुलींच्या ज्या गोष्टी खेळाच्या सरांना सांगायला त्या लाजतील, त्यांच्यासाठी नसरीनच्या अम्मीने कापडाची एक छोटी पिशवी शिवली आहे. ती टीमच्या सामानात कायम असते, आणि तिच्यात काय आहे हे कुठल्याही पुरुषाने विचारायचं नाही. मुलींची मापंही अम्मीच घेतात, अब्बा फक्त आकडे ऐकून कापतात. आणि शेवटचा नियम, ज्यावर ते मशीनचा पाय थांबवून बोलतात: "हारून आली तर पहिला घास पोटात जाईपतूर मॅचचं नावबी काढायचं न्हाई. जिंकून आली तरी तेच."

मी त्या सभेला कधी गेलो नाही. कागद आणि नियम हा माझा प्रांत, मला एका टेलरने काय सांगावं! ऋतुजाचे बूट मी स्वतः नगरला जाऊन, रविवारी सकाळी, चांगल्या दुकानातून घेतले. असे बूट अख्ख्या टीममध्ये कुणाचे नव्हते. तिसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड आले. अब्बांनी तिला विचारलं म्हणे, बूट कधी घेतले? सकाळी, असं तिने सांगितलं. तेव्हा ते हळहळून म्हणाले, "सांजच्याला घ्यायचे असत्यात, बेटा. दिवसभर चालून पाय भरतो. पायाचं खरं माप सांजचं." हे तिने घरी येऊन मला इतक्या भक्तिभावाने सांगितलं की मी त्या दिवशी जेवलोच नाही. बायको म्हणाली, "अहो, फोड तिला आलेत, तुम्ही का उपाशी?"

संमतीपत्राचंही तसंच. शाळेतून पालकांच्या सहीचा कागद आला आणि मी ऑफिसातल्या सवयीने तो न वाचता, नाव-पत्ता भरून, खाली सही ठोकून दिला. दुसऱ्या दिवशी तो कागद परत आला. सरांनी नव्हे, अब्बांनी पाठवला होता, आणि सोबत निरोप: पोरीसमोर मोठ्यांदा वाचा, मग सही करा. मी तणतणत स्वयंपाकघरात उभा राहून वाचायला लागलो. "खेळताना माझ्या पाल्यास दुखापत झाल्यास" इथपर्यंत आलो आणि तीच ओळ पुन्हा वाचली. ऋतुजा कणीक मळत होती, ती म्हणाली, "पप्पा, घाबरू नका ना, खरचटतंच फक्त." त्या दिवशी आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो. ते हसूदेखील मला त्या माणसाकडून उसनं मिळालं, हे माझ्या मनातून जाईना.

सगळ्या टीमने त्यांना अब्बाच म्हणायला सुरुवात केली होती, आणि टीममध्ये आमची मुलगीही आलीच. मला ती पप्पा म्हणते; पण पप्पा या शब्दाला मी कितीही कान लावला तरी त्यात अब्बाएवढा ओलावा मला ऐकू येत नसे. आमची टीम तालुक्याला जिंकली, जिल्ह्याला जायचं ठरलं, ही बातमी मला घरी येईपर्यंत गल्लीतल्या चार जणांनी सांगितली. ऋतुजाला मी विचारलं, मला फोन का नाही केलास? ती सहज म्हणाली, "अब्बा तिथंच होते ना." मी खरंच तिथं नव्हतो.

आता जिल्ह्याच्या स्पर्धेला प्रत्येक मुलीची फाइल लागते. आधार कार्ड, शाळेचा दाखला, जन्मदाखला, डॉक्टरांचं पत्र. आमच्या सरांच्या अंगावर अख्ख्या शाळेचे खेळ, म्हणून फायली लावायचं काम अब्बांनी मागून घेतलं होतं. ऋतुजाचा जन्मदाखला तिच्या आजोळहून, काष्टीच्या ग्रामपंचायतीतून आणला होता. तो मी फाइलीत घातला आणि निश्चिंत झालो. मी, कागदांचा माणूस, निश्चिंत झालो!

दोन दिवसांनी संध्याकाळी अब्बा आमच्या दारात उभे. त्यांनी ऋतुजाला नसरीनकडे पिटाळलं, आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि फाइल मांडीवर घेतली. टाचण्यांशिवाय आलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तो चेहरा मला ओळखीचा वाटेना.

"भाऊसाहेब, जन्मदाखल्यावर सात जानेवारी हाय. शाळेत एक जून हाय, त्योबी आदल्या सालचा. ही तारीख कुणी लिवली?"

"शाळेत चुकून कुणीतरी..." मी सुरुवात केली.

"शाळेतनं प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स आणलीया मी," ते हळू आवाजात म्हणाले. "अक्षर तुमचं हाय. संमतीपत्रावर बघितलंय मी."

आता खरं सांगतो. त्याच्या सात वर्षं आधीच्या जूनमध्ये नसरीन पहिलीत चालली होती. अब्बांनी स्वतःच्या हाताने खाकी कापडाचं दप्तर शिवून तिच्या पाठीवर दिलं होतं आणि ती गल्लीतून मिरवत निघाली होती. आमची ऋतुजा तिच्यापेक्षा दहा महिन्यांनी लहान, तिला बालवाडीतच राहायचं होतं. ती दारात उभी राहून मजेत टाळ्या वाजवत होती. बघवत नव्हतं ते मला. टेलरची मुलगी शाळेत आणि माझी मागे! जन्मदाखला गावाकडे आहे, नंतर देतो, असं सांगून मी पालकाचं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, आणि तारखेच्या जागी हात आपोआप एक जूनवर गेला. माझे वडील एक जूनचे, दोन्ही काका एक जूनचे, ऑफिसातून निवृत्त होणारे निम्मे लोक एक जूनचे म्हणून एकाच दिवशी नारळ घेऊन घरी जातात. त्यात आणखी एक, मला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं.

"तालुक्याला चाललं की," मी जरा आवाज चढवून म्हणालो.

"तालुक्याला नुसती यादी बघितली. जिल्ह्याला दाखला बघत्यात. दोन तारखा दिसल्या अन् समोरच्यांनी हरकत घेतली, तर एकटी ऋतुजा न्हाई, समदी टीम घरी. बारा पोरी, भाऊसाहेब."

माझ्या तोंडून जे निघालं ते आजही आठवलं की कान गरम होतात. मी म्हणालो, "आणि ऋतुजा बसली की नसरीन उतरणार. हो ना?"

त्यांनी फाइलीचा सुटलेला दोरा बांधला. मग म्हणाले, "व्हय, नसरीनच उतरंल. तिच्या पायात तेवढा दम न्हाई, मला म्हाईत हाय. टीम हारंल." आणि लगेच, "सरांना अजून सांगितलं न्हाई. आधी तुमच्याकडं आलो. तारीख नीट करायचा अर्ज करा, पण दोरा उसवावा लागंल. वरनं इस्त्री मारून हे बसायचं न्हाई."

"मग तुम्हीच सांगा तिला," मी म्हणालो. "तुमचं ऐकते ती." दोन वर्षं जे वाक्य मी मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं, ते असं बाहेर पडलं.

ते उठले. "आजपतूर समदं मी सांगितलं. हे मी न्हाई सांगायचा. हे बापानं सांगायचं हाय."

मी सांगितलं. आधी तिचा पहिला घास पोटात जाऊ दिला, तेवढा एक नियम मी शिकलो होतो. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पण का लिहिलं तुम्ही तसं?" मी म्हणालो, "नसरीन तुझ्या पुढे जाईल म्हणून." "पप्पा, ती माझी मैत्रीण आहे," एवढंच म्हणाली आणि ताट सरकवून आत गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आता ही अब्बांच्या दुकानात जाऊन बसेल, माझ्या तक्रारी सांगेल. तिथंही ती गेली नाही. नसरीनच रोज आमच्या जिन्यावर येऊन बसायची आणि दोघी काही न बोलता शेंगा फोडायच्या. मी अर्ज लिहिला, सगळे पुरावे जोडले, स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात कबूल केली आणि मुख्याध्यापकांकडे दिला. असे अर्ज किती महिने फिरतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! स्पर्धा आठ दिवसांवर होती.

जिल्ह्याच्या सामन्याला मी रजा काढून गेलो. ऋतुजा टीमबरोबर आली होती, बाटल्या भरायला. कुणी सांगितलं नव्हतं, तीच म्हणाली मी येणार. शाळेकडे जर्सी नऊच, त्यामुळे ऋतुजाची सात नंबरची जर्सी नसरीनच्या अंगात होती. आमची ऋतुजा काडी, नसरीन चांगली थोराड. जर्सी तिला बसणं शक्य नव्हतं. अब्बांनी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आत निळ्या कापडाची एकेक पट्टी घातली होती. मी त्यांच्या डब्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि माझं लक्ष त्या पट्ट्यांवर गेलं. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके लांबूनसुद्धा दिसत होते. जो माणूस जवानाच्या खिशालाही दुहेरी शिवण मारतो, त्याने स्वतःच्या मुलीच्या पहिल्या सामन्याला कच्चा टाका घातला होता.

"मास्टर, कच्चा दोरा?" मी म्हणालो. "सूर मारला की उसवेल तो."

त्यांनी टाचण्या काढल्या. "उसवायलाच घातलाय. जर्सी ऋतुजाची हाय. पक्की शिलाई मारली तर परत तिच्या मापाला आणताना कापडाला भोकं पडत्यात."

मी शेजारी खाली मातीवर बसलो.

नसरीन पहिल्या डावात अर्ध्या मिनिटात बाद झाली. दुसऱ्या डावात तिने खांबाजवळ सूर मारून एकीला पकडलं, तेवढी एकच, आणि तेव्हा डावीकडचा दोरा उसवून पट्टी बाहेर लोंबायला लागली. बाटल्या टाकून सगळ्यात मोठ्यांदा ओरडली ती ऋतुजा. अब्बा ओरडले नाहीत. फक्त त्यांच्या ओठांतली एक टाचणी खाली पडली आणि ती शोधायला ते बराच वेळ वाकून राहिले. आम्ही चार गुणांनी हरलो. परतताना गाडीत कुणी सामन्याचं नाव काढलं नाही. वाटेत थांबून सगळ्यांनी भेळ खाल्ली आणि मगच नसरीनने त्या पकडीची गोष्ट सुरू केली. ती तिने भिंगार येईपर्यंत पाच वेळा सांगितली, आणि पाचही वेळा ऋतुजाने "मग?" असं विचारलं.

यंदा तारीख नीट होऊन आली. खऱ्या तारखेने ऋतुजाला चौदा वर्षांखालच्या गटात आणखी एक वर्ष मिळालं, त्यात एक जानेवारीपासून पुढे जन्मलेल्याच मुली चालतात, अवघ्या सहा दिवसांनी ती आत राहिली. नसरीन मात्र वयाने बाहेर गेली. मोठ्या गटाच्या टीममध्ये तिला जागा मिळाली नाही, आणि तिनेही फारसं मनाला लावून घेतलं नाही. सध्या ती चित्रकलेच्या परीक्षेच्या मागे आहे. म्हणजे आता अब्बांचं मैदानावर कुणीच उरलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सरावाच्या पहिल्या दिवशी मी पहाटे उठून आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि एकटा बाप म्हणून मैदानावर गेलो.

रंगाचा डबा आपल्या जागेवर होता. त्यावर अब्बा बसले होते आणि मांडीवर सात नंबरची जर्सी घेऊन ते उरलेला पांढरा दोरा एकेक टाका करून काढत होते.

"मास्टर, आता कुणासाठी आलात?" मी विचारलं. ते उत्तर देऊ शकत नव्हते, ओठांत टाचण्या होत्या. उलट झालं असतं, माझी मुलगी बाहेर आणि त्यांची आत राहिली असती, तर मी आलो असतो का, हा विषय मी घरात कधी काढत नाही. बायकोही काढत नाही, तिला उत्तर माहीत असावं.

दुसऱ्या दिवसापासून मी पण घरून एक डबा घेऊन जातो. अब्बांनी बाहीवरच्या गादीतून चार टाचण्या काढून मला दिल्या. त्या धरायला जमायला आठवडा गेला, ओठ दोनदा सोलला. परवा तालुक्याच्या अंतिम सामन्यात ऋतुजा साडेतीन मिनिटं पळाली, कुणाला म्हणून सापडली नाही. शिट्टी झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली, तिने आमच्या दोन डब्यांकडे पाहिलं आणि हात वर केला. तो तिने नक्की कुणाला केला, हे मला तिथल्या तिथे विचारायचं होतं. पण माझ्या तोंडात टाचण्या होत्या.